लेंबाता बेटावरच्या खेड्यात आठ महिने : तिथले जगणे कसे असते?

मलप्रभाकाठ (खानापूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण हातमागाच्या कापडाचा अभ्यास करते आणि त्या अभ्यासासाठी ती येत्या ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत इंडोनेशियातील लेंबाता या बेटावर राहणार आहे. फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकापलीकडे अडोनारा, सोलोर आणि लेंबाता ही बेटे आहेत. त्यांतल्या लेंबाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, लामालेरा गावापासून जवळच्या एका खेड्यात, विणकर कुटुंबाच्या घरी तिची राहण्याची सोय झाली आहे. बाली आणि जावा ही नावे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होती, लेंबाता मात्र नकाशात शोधून काढावे लागले.

विद्यापीठाने दिलेल्या कागदांत व्हिसा, विमा आणि तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी यांविषयी सगळे आहे, पण आई जे विचारते त्याचे उत्तर त्यांत नाही. पिण्याचे पाणी कुठून आणतात, रात्री दिवा असतो का, ताप आला तर कुणाकडे न्यायचे, समुद्र खवळला तर गावाबाहेर पडता येते का, आणि तुळशीची माळ घालणाऱ्या घरातली मुलगी तिथे आठ महिने काय जेवणार, हे आईचे प्रश्न आहेत आणि मला ते त्या सगळ्या कागदांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. आपल्या भागातून कामानिमित्त त्या बेटांवर गेलेले कुणी इथे असतील, तर त्यांनी स्वतः पाहिलेले सांगावे, ही विनंती.

निपाणीकर यांचे उत्तर

ताई, आपल्या भागातल्या एका काजू कारखान्यासाठी कच्ची बी खरेदी करायला मी ओळीने तीन वर्षे फ्लोरेस आणि लेंबाता या बेटांवर गेलो होतो. ती बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला काजूचा हंगाम आपल्या उलट, वर्षाच्या अखेरीकडे येतो, आणि त्या सुमारास भारतातले आणि व्हिएतनाममधले खरेदीदार तिकडे वळतात. माझा मुक्काम बहुधा लेवोलेबा या जिल्ह्याच्या गावी असे, परंतु दक्षिण किनाऱ्यावरच्या खेड्यांतही मी अनेक रात्री काढल्या आहेत.

आईंना सर्वांत आधी ऋतूंविषयी सांगा, कारण तिथले बाकी सगळे ऋतूंवर ठरते. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत रान हिरवे राहते. तिथे पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च एवढाच पडतो आणि उरलेले आठ महिने डोंगर उन्हाळ्यातल्या आपल्या माळासारखे पिवळे दिसतात. पूर्व नुसा तेंगारा हा त्यांचा प्रांत इंडोनेशियातल्या सर्वांत कोरड्या प्रांतांत मोडतो. म्हणजे आपल्या भगिनी ऑक्टोबरमध्ये उतरतील तेव्हा तो भाग पाण्याच्या सर्वांत ओढाताणीच्या काळात असेल, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेचा वारा सुटला की पाणी मिळेल पण बोटी थांबतील. लेवोलेबाला जायला दोन वाटा आहेत. तिमोर बेटावरच्या कुपांग या प्रांताच्या राजधानीतून लहान विमान येते, किंवा फ्लोरेसच्या पूर्व टोकाच्या लारांतुका बंदरातून बोट निघते आणि अडोनारा व सोलोर यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून काही तासांत पोचते. पुढे दक्षिण किनाऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून जाणारा रस्ता आहे आणि लाकडी बाके बसवलेल्या मालट्रकमधून माणसे, तांदळाची पोती, कोंबड्या आणि सिमेंट असे सगळे एकत्र जाते. मोठ्या पावसात दरड आली की तो रस्ता बंद पडतो. म्हणून औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, बॅटरी, वह्या, जे जे त्या खेड्यात मिळणार नाही ते सगळे नोव्हेंबर संपण्यापूर्वी तिच्याजवळ असले पाहिजे. डिसेंबरात मागवू म्हटले तर ते मार्चमध्ये हाती पडेल.

पाणी झऱ्याचे असते. काही गावांत झऱ्यापासून नळ आणून सामाईक हौद बांधलेले आहेत, बाकी ठिकाणी बायका आणि मुले पिवळे कॅन घेऊन चढ-उतार करतात; पत्र्याच्या छपराचे पाणी टाकीत साठवण्याची पद्धतही आहे. आंघोळ हौदातले पाणी तांब्याने घेऊन होते. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यायचे. वीज बहुतेक गावांत पोचली आहे, पण ती जाते तेव्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. सौरदिवा आणि चार्जर जवळ ठेवावा.

जेवणाची काळजी आईंनी निम्मी तरी सोडावी. तिथले मूळ अन्न मका आहे. तांदूळ बाहेरून येतो आणि विकत घ्यावा लागतो. मक्याचा एक प्रकार तिथे घरोघरी होतो, त्याला जागुंग तिती म्हणतात. मातीच्या खापरात दाणे भाजायचे, भाजता भाजता दोन-तीन गरम दाणे बोटांनी उचलून दगडावर ठेवायचे आणि दुसऱ्या दगडाने एका घावात चपटे करायचे, असे करत बायका पहाटे टोपली भरतात. दिसायला आणि खायला ते आपल्या जाड पोह्यांच्या जवळचे. मला पहिल्यांदा ते पाहुणा म्हणून दिले गेले तेव्हा मी दही शोधत होतो, आणि दही त्या बेटावर मला कधीच दिसले नाही. दूधदुभते त्यांच्या जेवणात नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवलेले बरे. शेवग्याचा पाला मात्र रोज असतो, त्याचे पातळ कालवण करतात. शिवाय मूग, भुईमूग, कसावा, रताळी, केळी, पपई, पपईचा पाला आणि नारळ. मासे न खाणारे माणूस त्यांना नवल वाटते, पण एकदा सांगितले की पुढे आग्रह होत नाही. आपल्याकडचे मसाले, डाळ आणि थोडे लोणचे लेवोलेबापर्यंत नेता आले तर वर्ष सुखाचे जाईल.

वुलांदोनी इथे शनिवारी भरणारा बाजार तिने जरूर पाहावा. किनाऱ्यावरच्या बायका सुकवलेले मांस, मासे आणि मीठ डोक्यावरून आणतात, डोंगरातल्या बायका मका, केळी, कंद आणि भाजी आणतात, आणि पैसा मध्ये न येता देवघेव होते. सहा नगांचा एक मुंगा हे त्यांचे माप आहे. एका सुक्या तुकड्याला मक्याची इतकी कणसे किंवा इतकी केळी, हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ असते. आमच्या लहानपणी सुगीला बारा बलुत्यांना धान्य घातले जाई, त्याची मला तिथे फार आठवण झाली. किनाऱ्यावर शेतीला जमीनच नाही आणि डोंगरात समुद्र नाही. ही देवघेव थांबली तर दोन्हीकडची चूल थंडावेल, हे तिथल्या लहान मुलालाही कळते.

कणकुंबीचे गुरुजी यांचे उत्तर

निपाणीकरांनी चांगले लिहिले आहे. मी त्या बेटांवर गेलेलो नाही, परंतु भाषेविषयी सांगण्याइतका अभ्यास केला आहे, आणि आठ महिने राहायचे म्हणजे पाण्याखालोखाल भाषाच लागते.

त्या खेड्यांत घरी लामाहोलोत बोलतात. शाळा, दवाखाना आणि कचेरी यांची भाषा इंडोनेशियन आहे. सातशेहून अधिक भाषा असलेल्या त्या देशाने २८ ऑक्टोबर १९२८ च्या तरुणांच्या शपथेत एकतेची भाषा म्हणून जावानीज निवडली नाही. ती सर्वाधिक लोकांची मातृभाषा होती, तरीही त्यांनी बंदरांत आणि बाजारांत चालणारी मलय घेतली आणि तिला इंडोनेशियन हे नाव दिले. घरात एक, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला या निवडीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बहुतेकांना सारखीच परकी असलेली भाषा देशाची झाली म्हणून लामाहोलोत घरात सुखाने राहिली, असे मला वाटते. अर्थात पुढच्या पिढीत ती किती टिकते, हे आपल्या भगिनीने तिथल्या मुलांच्या खेळात ऐकून आम्हाला कळवावे.

इंडोनेशियन शिकायला जड नाही. लिपी रोमन आहे, नामाला लिंग नाही आणि काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. शिवाय कितीतरी शब्द आपल्याच घरातले भेटतात. देसा म्हणजे गाव, आणि त्या गावाच्या प्रमुखाला केपाला देसा म्हणतात, म्हणजे आपल्या 'कपाल' आणि 'देश' या शब्दांनी तिथला सरपंच झाला आहे. बाहासा ही भाषा, गुरू हा शिक्षक, सुआमी हा नवरा, इस्त्री ही बायको, लाबा हा लाभ, हार्गा ही किंमत, आणि पुआसा हा उपवास. हे शब्द सांगून आईंना थोडा धीर येईल असे वाटते.

दुर्गमतेविषयी एवढेच म्हणेन की पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटणारी गावे आपल्या तालुक्यातही, भीमगडच्या रानात, आजही आहेत, आणि आजारी माणसाला लाकडाला झोळी बांधून खांद्यावरून आणल्याचे मी स्वतः पाहिले आहे. आई खानापूरच्या असतील तर त्यांना लेंबातातले खेडे आपण समजतो तितके परके वाटणार नाही.

टिळकवाडीची परिचारिका यांचे उत्तर

मलप्रभाकाठ ताई, मी सव्वीस वर्षे रुग्णालयात काम करते आणि मला तुमच्या आईंच्या तिसऱ्या प्रश्नाची सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते.

रेबीजची लस जाण्यापूर्वीच घ्यायला लावा. १९९७ मध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर हा रोग फ्लोरेसवर पोचला आणि तिथून शेजारच्या बेटांवर पसरला. आज लेंबातातही कुत्रा चावला तर तो साधा चावा समजता येत नाही. आधी लस घेतली असली तरी चावल्यानंतर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच, पण वेळेत न मिळणाऱ्या सीरमवर (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनवर) अवलंबून राहावे लागत नाही. त्या प्रांतात हिवतापही आहे. मच्छरदाणी इथूनच न्यावी, आणि प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टरांना बेटाचे नाव आणि महिने सांगून विचारावे.

तिथली आरोग्यव्यवस्था अगदीच नाही असे नाही. तालुक्याच्या पातळीवर पुस्केस्मास नावाचे आरोग्यकेंद्र असते, गावागावांत महिन्यातून एकदा पोस्यांदू भरते, जिथे गावातल्याच स्वयंसेविका बाळांचे वजन करतात आणि लस दिली जाते, आणि खेड्यांत प्रशिक्षित सुईण नेमण्याचा कार्यक्रम त्यांनी १९८९ मध्ये सुरू केला. आपल्या आशा आणि अंगणवाडी यांची कामे तिथे एका ठिकाणी होतात असे समजा. पण शस्त्रक्रियेची वेळ आली तर डोंगर ओलांडून लेवोलेबा, आणि तिथे जमले नाही तर समुद्र ओलांडून कुपांग गाठावे लागते. विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे की नाही, हे एक वाक्य त्या कागदांत शोधा.

आणखी एक. निपाणीकर दादांनी देवघेवीचे जे वर्णन केले ते वाचून मला भरून आले, पण त्यात एक बाजू राहून गेली. २०२२ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत त्या प्रांतातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.३ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली, आणि त्या वर्षी संपूर्ण देशाचा आकडा २१.६ टक्के होता. शेवगा दारात आहे, मूग शेतात आहे, तरीही हे घडते, कारण आईला पाणी आणण्यातून, सरपणातून आणि मका कुटण्यातून वेळ मिळत नाही आणि बाळाला दिवसातून दोनदाच पातळ पेज मिळते. बाप अनेकदा मलेशियातल्या साबाह राज्यात मळ्यांवर मजुरीला गेलेला असतो. बाजारातला मका शाळेची फी भरत नाही आणि बोटीचे तिकीटही काढत नाही. तिथल्या बायकांच्या कष्टांकडे आपल्या मुलीने कौतुकाने पाहावे, पण त्या कष्टांची किंमत कोण मोजतो हेही तिने लिहावे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. रेबीजच्या लशीची नोंद आजच केली, आणि विम्यातले ते वाक्य सापडले नाही म्हणून विद्यापीठाला पत्र पाठवले आहे. गुरुजी, आई खानापूरचीच, आणि झोळीचे वाचून ती बराच वेळ गप्प होती.

आता एक अवघड गोष्ट विचारते. लामालेरा हे गाव देवमाशाच्या शिकारीसाठी ओळखले जाते, हे बहिणीने घरी सांगितले. आई दर एकादशीला उपवास करणारी आहे. मुलगी परदेशात जाते याचे तिला भय नाही, पण किनाऱ्यावर एवढा मोठा जीव कापला जात असताना मुलीने तिथे उभे कसे राहायचे आणि त्याच घरचे अन्न कसे खायचे, हे तिला समजत नाही. निपाणीकर दादा, आपण हे पाहिले आहे का? शिवाय ज्वालामुखी आणि भूकंप यांविषयीही सांगावे.

निपाणीकर यांचे उत्तर

ताई, पाहिले आहे, आणि त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. तरीही आईंना हे सगळे सांगा, अर्धे सांगू नका.

लामालेरा खडकाळ उतारावर वसले आहे, शेती करावी अशी जमीन तिथे नाही. समुद्रात देवमाशाचा फवारा दिसला की किनाऱ्यावरून 'बालेओ' अशी हाक उठते, ती गल्लीगल्लीतून पुढे जाते आणि माणसे हातातले काम टाकून बोटींकडे धावतात. पेलेदांग ही त्यांची बोट लाकडाच्या खुंट्यांनी जोडलेली असते, तिच्यात लोखंडी खिळा नसतो. शीड ताडासारख्या झाडाच्या पानांचे विणतात. आता मोटारबोट तिला ओढत खोल पाण्यात नेते, पण घाव जुन्याच रीतीने होतो. बांबूच्या लांब दांड्याचा भाला घेऊन लामाफा, म्हणजे भाला मारणारा माणूस, बोटीच्या नाळेवरून माशाच्या पाठीवर उडी घेतो. हात तुटलेली आणि समुद्रातून परत न आलेली माणसे त्या गावात घरोघरी आहेत. ते मुख्यतः स्पर्म व्हेल मारतात, आणि निळ्या देवमाशाला हात लावणे त्यांच्या रूढीत निषिद्ध आहे. गाव कॅथलिक आहे, सोळाव्या शतकात सोलोरवर आलेल्या पोर्तुगीजांमागे हा धर्म त्या बेटांवर आला, आणि त्या काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी आपल्या शेजारचा गोवा होता. दर वर्षी १ मे रोजी किनाऱ्यावर प्रार्थना होते आणि त्यानंतर हंगाम सुरू होतो. आपल्या भगिनी मे महिन्यात तिथेच असतील.

मी गप्प झालो तो वाटणीच्या वेळी. मासा किनाऱ्यावर आला की कोणता भाग कुणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. लामाफाचा वाटा, नावाड्यांचा, बोट बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा, शीड विणणाऱ्यांचा, त्या जमिनीच्या मूळ घराण्याचा, आणि हे वाटे घरी पोचले की विधवा आणि म्हातारी माणसे यांच्याकडे त्यांतून पुन्हा तुकडे जातात. एक म्हातारी दाराशी बसली होती, तिच्या घरात बोटीवर जाणारे कुणी उरले नव्हते, आणि तिच्यासमोर तिघींनी येऊन मांसाची पाने ठेवली. तेच मांस उन्हात सुकते आणि शनिवारच्या बाजारात मका होऊन परत येते. म्हणजे आपली बहीण मक्याचे पोहे खाईल तेव्हा त्यातही तो देवमासा आहे, हे आईंपासून लपवू नये. तिने मांस खाऊ नये, किनाऱ्यावर उभे राहणे जमले नाही तर घरात थांबावे, कुणी रागावणार नाही. मात्र तोंड वाकडे करू नये. २०१४ मध्ये सरकारने मांटा या मोठ्या माशाच्या शिकारीवर बंदी घातली तेव्हापासून बाहेरून येणारा माणूस आपल्याला गुन्हेगार समजेल का, ही शंका त्यांच्या मनात असते, आणि ती शंका मला रास्त वाटते. त्या जिवासाठी वाईट वाटणे आणि त्या म्हातारीचा वाटा मान्य असणे, हे दोन्ही माझ्या मनात आजही एकत्र आहेत. मला त्यांतले एक टाकून देता आलेले नाही.

परिचारिका ताई, आपण राहिलेली बाजू दाखवली ती खरी आहे. मी खरेदीदार होतो, मला बाजार दिसला आणि स्वयंपाकघर कमी दिसले.

ज्वालामुखीविषयी : इले लेवोतोलोक हा पर्वत बेटाच्या उत्तर भागात, लेवोलेबाच्या जवळ आहे. तो २९ नोव्हेंबर २०२० रोजी मोठ्याने उफाळला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने त्याच्या उतारावरचे दगड आणि चिखल गावांवर आणला. दक्षिण किनाऱ्याला धोका समुद्राचा. जुलै १९७९ मध्ये डोंगराचा कडा समुद्रात कोसळून वाइतेबा गावावर लाट आली आणि शेकडो माणसे गेली. पहिल्या दिवशीच यजमानांना विचारावे, जमीन हलली तर कोणत्या वाटेने वर जायचे. ती वाट प्रत्येक घराला माहीत असते.

वडगावचा माग यांचे उत्तर

ताई, आमच्या घरी माग आहे, आजोबा शहापुरी साड्या विणत असत. मला तुमच्या बहिणीचा हेवा वाटतो आणि आनंदही वाटतो.

त्या बेटांवरच्या कापडात नक्षी मागावर होत नाही. ताण्याचे सूत आधीच ताडाच्या पानांच्या पट्ट्यांनी गाठी मारून बांधतात, मग निळीत आणि नंतर बारतोंडीच्या मुळांच्या लाल रंगात बुडवतात, गाठ असते तिथे रंग शिरत नाही, आणि ताणा पसरला की नक्षी आधीच तयार असते. माग कमरेला बांधलेला असतो, बाई पाठीने ताण धरते. एका चांगल्या लुगड्याला कित्येक महिने जातात आणि ते बाजारासाठी नसतेच, लग्नात मुलीकडचे लोक कापड देतात आणि मुलाकडचे हस्तिदंत. जुन्या घराण्यांनी गुजरातहून शेकडो वर्षांपूर्वी गेलेली पटोळी, म्हणजे नक्षीची रेशमी वस्त्रे, जपून ठेवली आहेत आणि लुगड्यांच्या नक्षीत त्या पटोळ्यांची फुले अजून दिसतात. हत्ती त्या बेटांवर कधी नव्हते आणि पटोळेही तिथे विणले जात नव्हते, तरी लग्न त्या दोघांवाचून पुरे होत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नये. पान-सुपारी पुढे करणे ही तिकडची रीत आहे, ती तिथल्या बाजारात मिळेल. इथून न्यायचे तर जवळचे दिसण्याचे साधे चष्मे न्या, दीड ते अडीच नंबरचे, वीसेक. आमच्या आजीने पंचेचाळिसाव्या वर्षी वहीवरची नक्षी मोजणे सोडले, कारण सूत दिसेनासे झाले होते, आणि चष्मा घरात यायला आणखी सहा वर्षे लागली.